ढोलकीमागचा आवाज

आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात माठ विकायला एक म्हातारी बसते. खिल्लारे मास्तर लांबून येताना दिसले की ती घाईघाईनं माठांवर पोतं टाकायची. मास्तरांना दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून पाहायची खोड होती. माठ, टरबूज, दाराची फळी, गॅसची टाकी, काही सुटायचं नाही. माठावर दोन बोटं वाजवायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि भर गिऱ्हाइकासमोर सांगायचं, की हा आतून गेलेला आहे, दुसरा बघा. म्हातारी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मास्तर तिच्याकडं बघून हसायचे आणि पुढच्या माठाकडं वळायचे. बाजारातल्या बायका मात्र माठ घ्यायचा झाला की मास्तरांची वाट बघत थांबायच्या.

मास्तर शाळेतले नव्हते. शाळेत ते स्वतःच जेमतेम गेले होते. ते ढोलकीमास्तर. नाव किशन खिल्लारे, अंगानं काटक, डोक्यावर बारा महिने एक मळकी पांढरी टोपी, आणि हाताची बोटं अंगाच्या मानानं फार मोठी. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. नांदेड रस्त्याच्या कडेनं चालले होते, मागून हळदीचा ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, देतच राहिला. मास्तर वळले नाहीत. तो ड्रायव्हर पोलिसांसमोर रडत एकच सांगत होता, की मी हॉर्न दिला होता. त्याचं खरं होतं. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या माठांची चीर ऐकली, त्याला स्वतःच्या पाठीशी आलेला हॉर्न ऐकू आला नाही. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

माझं बाळापुरात कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकणं कमी, दुरुस्ती जास्त. पण मास्तरांना मी ओळखायचो ते दुकान काढायच्या पुष्कळ आधीपासून. आमच्या लहानपणी जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांच्या गायन पार्ट्या यायच्या. त्यांत एक पार्टी होती, 'सुमन खिल्लारे आणि पार्टी'. सुमनबाई ही मास्तरांची बायको. ती गायची आणि हे ढोलकीवर. पार्टीला बायकोचं नाव लावलं म्हणून लोक त्यांची फार टिंगल करायचे. मास्तर सरळ विचारायचे, "गाती ती. मग नाव माझं काहून लावू?" तरी टिंगल चालूच राहायची.

खरं सांगायचं तर गर्दी ढोलकीला जमायची. सुमनबाईंचा आवाज गोड होता, पण पातळ. मैदानाच्या मागच्या टोकाला तो पोचायचा नाही. मास्तरांची ढोलकी पोचायची. डाव्या हाताचा घुमारा असा निघायचा की पुढं बसलेल्या लेकरांच्या पोटात धडधडायचं. शिट्ट्या पडायच्या त्या ढोलकीला. त्यामुळं भोंगेवाला एकुलता एक चांगला माईक ढोलकीच्या तोंडाशी लावायचा आणि खरखरणारा बाईंच्या हातात द्यायचा. सगळ्याच पार्ट्यांची हीच रीत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, सुमनबाईंनाही नसावं.

हाताखाली शिकणाऱ्या पोरांना मास्तर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. गाणाऱ्याचा दम तुटला, ठसका लागला, शब्द विसरला, की ढोलकीनं झाकून घ्यायचं. लोकांना कळताच कामा नये. आणि दुसरी, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं, तिथं हात हलका ठेवायचा. "तेवढं एक नाव ऱ्हातं मागं," ते म्हणायचे. "ते आयकू आलं पाहिजे." एका शिष्यानं एकदा नावाच्या जागेवर जोरात थाप मारली, तर मास्तरांनी भर कार्यक्रमात त्याच्या पुढ्यातून ढोलकी ओढून घेतली होती. ते पोरगं रडत घरी गेलं आणि पुढं सुतारकामाला लागलं.

त्यांच्या पार्टीच्या शेवटच्या हंगामात सुमनबाईंना खोकला लागला होता. एप्रिलचे दिवस, रोज एका गावाची सुपारी घेतलेली, कडेवर दीड वर्षाची लेक, करुणा. बाईंना ताप यायचा, उतरायचा. मास्तर म्हणाले, एवढा एप्रिल निघू दे, मग नांदेडला दाखवू. एप्रिल निघाला, मेही निघाला. नांदेडला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघून मास्तरांनाच झापलं, की इतके दिवस काय करत होतात. छातीचं दुखणं फार पुढं गेलं होतं. पेरणीच्या दिवसांत सुमनबाई वारल्या.

त्यानंतर मास्तरांनी ढोलकीला हात लावला नाही. ती खुंटीला अडकवली आणि हे हळदीच्या कामाला लागले. आमच्याकडं हळद शिजवून वाळवली की ती मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालतात आणि तो ड्रम ट्रॅक्टरवर फिरवतात. त्यानं हळकुंडाला चकाकी येते. त्या ड्रमचा आवाज असा असतो की शेजारच्या शेतातली माणसं खुणांनी बोलतात. मास्तर वर्षानुवर्षं त्या ड्रमच्या तोंडाशी उभे राहिले. लोक म्हणायचे, ड्रमनं यांचे कान घालवले. मास्तर म्हणायचे, ढोलकीनं घालवले. डॉक्टर म्हणाले, दोन्हीनं.

कान गेल्याचं पहिल्यांदा कळलं ते माठवाल्या म्हातारीला. एका बाईला मास्तरांनी टिचकी मारून माठ निवडून दिला, ती पाणी भरून ठेवते तर सकाळी माठ रिकामा आणि खाली ओल. बाई भांडायला आली. म्हातारीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तिनं त्या बाईला गपचूप दुसरा माठ दिला, आणि पुढच्या बाजारापासून मास्तर आले तरी माठांवर पोतं टाकायचं सोडून दिलं. ते वाजवत राहायचे, "बराबर हाय" म्हणायचे, ती मान हलवायची. पोरं हसू लागली की ती त्यांच्या अंगावर धावून जायची.

मास्तर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते फार चिडून. सुमनबाईंच्या दोन कॅसेटी त्यांच्याकडं होत्या, भोंगेवाल्यानं कार्यक्रम चालू असताना भरलेल्या. त्यातली एक त्यांनी कुठल्याशा मिक्सिंगवाल्याला साफ करायला दिली होती. त्यानं ती साफ केली, म्हणजे खाली डीजेचा ठेका घातला, बाईंचा आवाज दुप्पट वेगानं पळवला आणि वर स्वतःच्या दुकानाचं नाव ओरडून टाकलं. मूळ कॅसेटवर दुसरंच काहीतरी भरलं. मास्तरांना हे कळलं ते मिरवणुकीत. समोर गाडीवर बॉक्स लावलेले, पोरं नाचताहेत, आणि मेलेली बायको खारीसारख्या चिरक्या आवाजात गातेय. मास्तर त्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले. पोरांना वाटलं म्हातारा पिऊन आलाय. त्यांनी हाताला धरून त्यांना बाजूला केलं आणि मिरवणूक पुढं गेली.

उरलेली कॅसेट घेऊन ते माझ्याकडं आले तेव्हा त्यांनी आधी अट घातली. जशी आहे तशी कॉम्प्युटरवर घ्यायची, कात्री लावायची नाही. मी तशीच घेतली. मग ऐकवत असताना सहज म्हणालो, की मास्तर, ढोलकी फार वर आहे, ताईंचा आवाज दबलाय, एका मिनिटात खाली करून देतो. त्यांनी माउसवरचा माझा हात मनगटाला धरला. त्या बोटांत केवढी ताकद आहे ते मला तेव्हा कळलं. "एक असंच घालवलं," ते म्हणाले, "ह्याला हात नका लावू." मी पुन्हा कधी लावला नाही.

त्या कॅसेटवर एक पाळणा आहे. सुमनबाईंनी स्वतः रचलेला. लेकराला झोपवताना आई सांगते, की नीज आता, उद्या तुला शाळेत जायचंय. मास्तर करुणाला लहानपणापासून सांगत आले होते, की या पाळण्याच्या शेवटी तुझ्या आईनं तुझं नाव घातलंय. करुणानं ती कॅसेट शेकडो वेळा ऐकली असेल. शेवटच्या कडव्यात तिला ढोलकीशिवाय काहीही ऐकू आलेलं नव्हतं. आईचं तिला काहीच आठवत नाही. फोटोही एकच, त्यात बाईंनी तोंडासमोर माईक धरलेला. दहावीत असताना ती बापाला म्हणाली होती, "आईच्या रेकॉर्डिंगमधी बी तुमीच वाजून राहिले." त्या दिवसापासून मास्तरांनी घरात कॅसेट लावली नाही. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना तिच्यावर जराही रागावलेले दिसले नाहीत.

करुणा पुढं नर्स झाली, कळमनुरीला एका दवाखान्यात लागली. मुलगी कामाची, बोलायला तुटक. बापाचं सगळं करायची. कानाची मशीनसुद्धा तिनंच आणून दिली, पण मास्तर ती खिशात ठेवायचे. म्हणायचे, ह्यात पत्र्यावर खडे पडल्यावानी वाजतं. त्यांच्या कानाजवळ जाऊन जाड आवाजात बोललं की त्यांना समजायचं. बायकांचे, लेकरांचे बारीक आवाज मात्र पार गेले होते. म्हणजे एका घरात दोघंच माणसं, आणि त्यांतल्या लेकीचा आवाज बापाला ऐकू येईना. ती खुणांनी बोलायची.

गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं, नाशिककडचा मुलगा. मास्तर भरदुपारी दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले. लेकीला लग्नात स्पीकर द्यायचे होते. तिच्याकडं कॉम्प्युटर होता, परीक्षेच्या अभ्यासासाठी माझ्याकडूनच नेलेला. त्याला जोडता येतील असे स्पीकर, ज्यावर पाळण्यातलं नाव ऐकू येईल. लोक लेकीला फ्रिज देतात, कपाट देतात. मास्तरांना तिला एवढं एक नाव द्यायचं होतं, तेही ती घर सोडून जायच्या आत. मी समजावून पाहिलं, की रेकॉर्डिंगमध्येच जे दबलंय ते स्पीकर कुठून काढणार. ते म्हणाले, काढील, माठ बदलला की पाण्याची चव बदलती. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण वाद घालायला त्यांना ऐकू यायला हवं ना.

माझ्या फळीवर तेव्हा दोन सेट होते. दोन्हींची रचना तीच, दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर आणि घुमाऱ्यासाठी खाली ठेवायचा एक डबा, ज्याला आमच्याकडं सगळे वूफर म्हणतात. एका सेटचा वूफर गुडघ्याएवढा उंच, लाकडी, समोर लाल-निळे दिवे. गाणं लावलं की काउंटरवरचे स्क्रू उड्या मारायचे. गावातली पोरं तोच मागायची. दुसऱ्याचा वूफर जेवणाच्या डब्याएवढा, दिसायला गरीब, पण मागं एक बटन होतं, त्यानं घुमारा पार शून्यावर आणता यायचा. मी माझ्यापुरतं मोठ्याला म्हैस म्हणायचो आणि छोट्याला शेळी. मास्तरांना ही नावं आवडली. पुढं ते त्याच नावांनी बोलू लागले.

मी आधी म्हशीवर पाळणा लावला. ढोलकी निघाली तशी मास्तरांची पाठ ताठ झाली. त्यांना ऐकू येत होतं. निदान वूफरवर हात ठेवला की अंगात येत होतं. कितीतरी वर्षांनी ते स्वतःला वाजवताना ऐकत होते आणि ते झकास वाजवत होते, त्यात काही वाद नाही. चेहरा उजळला. मग उतरला. "हा तर मीच हाय," ते म्हणाले.

मग मी शेळी जोडली आणि मागचं बटन शून्यावर फिरवलं. घुमारा गेला. ढोलकीच्या उजव्या बाजूची बारीक टकटक तेवढी राहिली, आणि तिच्यामागून सुमनबाई बाहेर आल्या. मी तो पाळणा कॉम्प्युटरवर घेतला तेव्हाही असा ऐकला नव्हता. शब्द न् शब्द. मधे श्वास घेतलेला कळत होता. दुसऱ्या कडव्यानंतर खोकला होता, तोही कळत होता. म्हशीवर त्या जागी मास्तरांचा एक जोरकस तुकडा ऐकू यायचा आणि मला वाटायचं, काय वाजवलंय. तो तुकडा खोकल्यावर टाकलेला होता. मी मास्तरांकडं पाहिलं.

ते माझ्याकडं बघत होते. "चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

मी कानाशी जाऊन सांगितलं की चालू आहे, ताई गाताहेत. त्यांनी छोट्या स्पीकरला कान टेकवला, मग दुसरा कान टेकवला. गाणं संपेपर्यंत तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले आणि टोपी नीट केली. साफ आहे का, विचारलं. मी म्हणालो, साफ. नाव येतं का? येतं. तरी त्यांनी सेट घेतला नाही. दुकानदाराच्या शब्दावर माल घ्यायचा नाही हा त्यांचा जुना नियम, आणि तो माझ्यासाठी मोडायचं त्यांना काही कारण नव्हतं.

नंतर दोन-तीन बाजार ते नुसतेच यायचे. पाळणा लावायला सांगायचे, कधी म्हशीवर, कधी शेळीवर. म्हशीवर हात ठेवून डोळे मिटायचे. शेळीवर नुसते बसायचे. एकदा म्हणाले, "म्हशीवर मी हाय, शेळीवर ती हाय. पण शेळीवर ती मला न्हाई." मी त्यांना एकदा सुचवलं की म्हैस घरी ठेवा, शेळी लेकीला द्या, पैशाचं नंतर बघू. ते नको म्हणाले. घरात तो आवाज लावला तर लेक जायच्या आधीच परकी होईल, असं काहीसं बोलले. त्यांना म्हैस हवी होती, हे मला दिसत होतं. जे ऐकू येतं ते कुणाला नको असतं?

शेवटी त्यांनी करुणाला आणलं. ड्यूटीवरून ती तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांत, कपाळावर घाम. लग्नाच्या गडबडीत बाबांनी हे काय काढलंय, असं मला म्हणाली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. मास्तरांनी आधी म्हैस लावायला सांगितली. ती खाली फरशीकडं बघत ऐकत राहिली. तेच ते, लहानपणापासूनचं. मास्तर तिच्याकडं बघत होते.

मग मी शेळी लावली. पहिल्याच ओळीला तिनं मान वर केली. आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी दारातून आत आलंय. दुसरं कडवं संपलं आणि खोकला आला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लेकीचं नव्हतं, नर्सचं होतं. "काका, मागं घ्या जरा," ती म्हणाली. मी मागं घेतलं. खोकला पुन्हा आला. तिनं तो डोळे बारीक करून ऐकला, रोग्याचा ऐकतात तसा. मग हळूच म्हणाली, "हिला तवाच भरती करायला पायजे व्हतं." माझ्याकडं बघून म्हणाली. बापाकडं बघितलं नाही. 

गाणं पुढं चाललं. मास्तरांची बोटं काउंटरवर वाजत होती. आपल्या अंदाजानं ते साथ करत होते, पण पाळणा मागं घेतल्याचं त्यांना कळलं नव्हतं, त्यामुळं ते बरेच पुढं निघून गेले होते. शेवटचं कडवं आलं. 'नीज गं करुणे, उद्या तुझी शाळा.' अगदी साधं, घरात म्हणतात तसं. करुणानं तोंडावर हात दाबला.  डोळ्यांतून पाणी मात्र थांबेना.

"आली का?" मास्तरांनी विचारलं.

तिनं मान डोलावली. नाव आलं का, त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मान डोलावली आणि त्यांच्या वाजणाऱ्या बोटांवर आपला हात ठेवला. गाणं तेव्हा संपलेलं होतं. "मग हीच बांधा, भाऊ," मास्तर मला म्हणाले. मी शेळी खोक्यात घातली, वर सुतळी बांधली. लग्नाच्या सामानात ते खोकं मी पाहिलं. करुणानं ते टेम्पोत न ठेवता स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं.

लग्न झाल्यावर काही दिवसांनी मास्तर आले. बाजाराचा दिवस होता, दुकानात दोन-तीन पोरं मोबाइलची कव्हरं बघत होती. मास्तरांनी म्हशीकडं बोट दाखवलं. पाळणा माझ्याकडं होताच. मी लावला. त्यांनी नेहमीसारखा वूफरवर हात ठेवला आणि डोळे मिटले. शेवटचं कडवं आलं तसं त्यांनी दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं.

"इथं," ते म्हणाले.

मला तिथं ढोलकीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. पण जागा बरोबर होती. आपल्याच थापेवरून त्यांनी ती ओळखली होती. मी घाईनं मान डोलावली. त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडं पाहिलं, करुणाच्या तोंडाकडं पाहिलं होतं तसंच, आणि म्हणाले, "म्हशीवर ती येत नसती. मला ठाऊक हाय." मग बंद करायला सांगितलं.

मी बंद केलं. मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत. वूफरवरचा हातही काढला नाही.

"तिनं खोकला आयकला," ते म्हणाले. "म्या पाह्यलं तिच्याकडं. तो म्या जाणून झाकला व्हता, भाऊ. लोकायला कळू नये म्हणून. पण नाव झाकायचं नव्हतं मला."

मी स्टूल ओढून त्यांच्या कानाजवळ बसलो. पोरं कव्हरं टाकून निघून गेली.

मग त्यांनी सांगितलं. त्या पाळण्यात शेवटी सुमनबाईंचं स्वतःचं नाव होतं. रोज त्या तेच गायच्या, आणि मास्तर तिथं रोज हात हलका ठेवायचे. कॅसेट भरली त्या दिवशी करुणा पुढंच एका म्हातारीच्या मांडीवर बसली होती. बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि आपलं नाव काढून तिचं घातलं. मास्तरांना आधी सांगितलं नव्हतं. बहुधा बाईंचं स्वतःचंही आधी ठरलेलं नसावं.

"लेकीचं नाव आयकलं आन मला लई आनंद झाला," मास्तर म्हणाले. "हातच राहिना."

करुणाला हे सांगितलं का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिला नाव मिळालं, आता त्यात माझं काय घालायचं, असं म्हणाले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. उठून वूफरवरची धूळ हातानं पुसली आणि बाहेर पडले.

मी दारापर्यंत गेलो. बाजार भरात होता. माठवाली म्हातारी सावलीला बसली होती, तिनं त्यांना येताना पाहिलं आणि जागची हलली नाही. मास्तर तिच्या माठांपुढं थांबले. एका माठावर त्यांनी दोन बोटं ठेवली. वाजवली नाहीत. थोडा वेळ तशीच ठेवली आणि गर्दीतून नांदेड रस्त्याकडं चालू लागले.